आठ पानांची चित्रकथा, बारा मिनिटांचा भयपट

भयकथेचं कॉमिक वाचताना अंगावर काटा येतो तो बहुधा उजवीकडच्या पानाच्या शेवटच्या चौकटीवर. पुढे काय आहे ते पानामागे दडलेलं असतं, आणि लगेच उलटायचं की क्षणभर थांबायचं हे वाचकाच्या बोटात असतं. पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या हातात यातलं काहीच उरत नाही, तिथे पान दिग्दर्शक उलटतो. म्हणून कमी पैशांत चित्रकथेवरून भयपट करायचा तर आधी कथेतलं ते उलटणारं पान शोधा आणि पैसा, वेळ, मेहनत तिथे लावा. उरलेला सिनेमा अंधार आणि आवाज सांभाळून नेतात.

इथे आपण बारा मिनिटांचा लघुपट, तीन रात्रींचं चित्रण आणि कोकणातला एक जुना वाडा असा हिशोब धरू. कथाही नमुन्यासाठीच घेतलेली: धाकटी सून, सासू, आणि विहिरीत गेलेली थोरली जाऊ.

कथा कोणती निवडायची

सहा ते आठ पानांची, एकाच जागी घडणारी, तीनच पात्रांची. भुताचं दर्शन फार तर दोनदा. १९५० च्या दशकातली अमेरिकेतली ईसी कॉमिक्सची भयकथा साधारण एवढ्याच पानांत संपायची आणि शेवटच्या चौकटींत उलटायची. १९७२ मध्ये ॲमिकस या ब्रिटिश कंपनीने ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ केला तेव्हा अशाच पाच कथा एका दुव्यात ओवल्या. प्रत्येक कथेला मोजकी माणसं, मोजक्या खोल्या. दोनशे पानांची मालिका बारा मिनिटांत कोंबली की पात्रांची ओळख करून देण्यातच वेळ जातो आणि घाबरायला कुणी उरत नाही.

मुंजाची कथा घ्यायचा मोह होतो, पण मुंजा म्हणजे मूल. बालकलाकारासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. रात्रीच्या चित्रणाला हे पेलत नाही. लहान चणीचा प्रौढ पाठमोरा घेऊन भागत असेल तरच मुंजा घ्या.

हक्क आधी, कॅमेरा नंतर

मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा यांच्यावर कुणाची मालकी नाही. पण चित्रकाराने रेखाटलेली विशिष्ट हडळ आणि लेखकाने रचलेली विशिष्ट घटना यांवर आहे, आणि ती लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकते. चित्रकथेत मजकूर आणि चित्रं या दोन वेगळ्या कृती असतात. लेखकाने आनंदाने होकार दिला आणि चित्रकाराला कुणी विचारलंच नाही, ही नेहमीची चूक. प्रकाशकाकडे हक्क गेलेत का, हेही दोघांना विचारा.

तोंडी होकारावर जाऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क मिळाल्यावर वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर ते परत जातात. म्हणून दोन पानांच्या करारात मुदत, प्रदेश (इंटरनेटवर टाकणार असाल तर ‘संपूर्ण जग’), भाषा, श्रेयनामावलीतली नावं आणि मोबदला स्पष्ट लिहा. पोस्टरवर मूळ चित्र वापरायचं असेल तर त्याची वेगळी ओळ घाला.

चौकटींची चाळणी

सगळी पानं स्कॅन करा आणि प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या. आठ पानांत साधारण ४० ते ४५ चौकटी निघतात. आता तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जे डोळ्यांनी दिसलंच पाहिजे ते लाल, जे नुसत्या आवाजाने कळेल ते निळं, जे गाळलं तरी चालेल ते राखाडी. पहिल्या फेरीत बहुतेकांची पंचवीस-तीस चौकटींवर लाल खूण होते. दुसऱ्या फेरीत ती पंधरावर आणा. विहिरीकडे चाललेली पावलं, बाहेर वाजणारा रहाट, कडी सरकणं, हे सगळं निळ्यात जातं. प्रत्येक निळी खूण म्हणजे एक वाचलेला लाइट सेटअप, तीन रात्रींच्या हिशोबात अर्धा-पाऊण तास.

मग संवादांचे फुगे. चौकटीतलं वाक्य डोळा एका झटक्यात वाचतो, नटाला ते श्वास घेऊन म्हणावं लागतं. चित्रकथेत सासू म्हणते, “सूनबाई, रात्री रहाटाचा आवाज आला तरी दार उघडू नकोस हो, थोरलीचा जीव अजून त्या पोहऱ्यात अडकलाय.” पडद्यावर एवढंच ठेवा: “रहाट वाजला तरी उठू नकोस.” थोरलीचं नाव काढलंच नाही की प्रेक्षक स्वतः विचारू लागतो, का उठायचं नाही? निवेदनाच्या पिवळ्या पट्ट्या सरसकट काढा. एखादी लागलीच तर शेवटी बघू.

उरलेल्या चौकटी दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत एकामागोमाग लावा, खाली मोबाइलवर बोललेले संवाद आणि तात्पुरते आवाज टाका. ही हलती संहिता साधारण चार मिनिटांची होते. तिच्यात उलटणारं पान शोधायचं. आपल्या कथेत पाचव्या पानाच्या शेवटी दोर ताणलेला दिसतो आणि सहावं पान उलटताच पूर्ण पानभर पोहऱ्यातला चेहरा येतो. पडद्यावर तेच चित्र लगेच आणलं तर नुसता दचका मिळतो. त्याऐवजी रहाटाची कुरकुर थांबवा. कंदिलाच्या उजेडातला सुनेचा चेहरा चार-पाच सेकंद धरा, पाणी ठिबकण्याचा आवाज येऊ द्या, आणि मग ती वाकून बघते. पान उलटण्याआधीचं थांबणं ते हेच. संकलनात ते नेमकं किती लांब हवं हे चित्रणाआधीच या चार मिनिटांत ठरवा, म्हणजे तो शॉट पुरेसा लांब घेतला जाईल.

चौकटीच्या आकाराचंही आताच ठरवा. चित्रकथेत विहीर, जिना, उंच दार यांच्या चौकटी उभ्या असतात, आपली फ्रेम आडवी. ४:३ चं प्रमाण घेतलं तर चौकटीचा भास टिकतो आणि अरुंद खोलीत लाइट लपवायला दोन्ही बाजूंना जागाही मिळते. ठरलं की मॉनिटरवर काळी टेप लावून टाका.

पाण्यातला दुसरा चेहरा

आपलं उलटणारं पान म्हणजे हा शॉट: सून पोहऱ्यातल्या पाण्यात बघते, तिच्या चेहऱ्याशेजारी दुसरा चेहरा. संगणकावर काही करायची गरज नाही, पण मांडणी काटेकोर हवी.

खऱ्या विहिरीच्या काठावर हे करू नका. रात्र, ओला दगड, उजेडाने दिपलेले डोळे आणि भिजलेलं नऊवारी, यांत माणूस जायला एक पाऊल पुरतं. अंगणात सपाट जागी तीन फूट बाय तीन फुटांची लाकडी चौकट मांडा, आत जाड काळं प्लास्टिक सुरकुती न पाडता पसरा आणि दोन इंच पाणी भरा. काळ्या तळामुळे ते दोन इंच अथांग वाटतात. पोहऱ्याचा काठ हवा असेल तर जुन्या पोहऱ्याचं तोंड कॅमेऱ्याच्या जवळ, फोकसबाहेर धरा.

कॅमेरा पाण्याच्या बरोबर वर लावला तर त्यालाच स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. तो एका बाजूला तिरका लावा आणि नटीला समोरच्या बाजूने तेवढ्याच कोनात वाकवा. लाइट चेहऱ्यावर टाका, पाण्यावर अजिबात नाही, नाहीतर पाणी दुधाळ दिसतं आणि चेहरा विरतो. लेन्सवर पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) असेल तर काढा, तो प्रतिबिंबच पुसून टाकतो.

सगळ्यात जास्त टेक वाया जातात ते फोकसमुळे. कॅमेरा पाण्यापासून ५ फुटांवर आणि चेहरा पाण्यापासून ३ फुटांवर असेल तर फोकस ८ फुटांवर लागतो, कारण उजेड तेवढा प्रवास करून लेन्सपर्यंत येतो. ऑटोफोकस हमखास पाण्याच्या पृष्ठभागावरच्या कचऱ्याला किंवा चौकटीच्या काठाला पकडतो. तो बंद ठेवा, टेपने मोजा, हाताने लावा.

थोरली जाऊ सुनेच्या खांद्यामागे, अर्धा फूट वर, पूर्ण अंधारात उभी राहील. तिच्यासाठी वेगळा छोटा लाइट आणि त्याला डिमर. ड्रॉपरने पाण्यात एक थेंब सोडा. तरंग उठतात, चेहरे मोडतात, त्याच वेळी डिमर हळूहळू वर न्या. पाणी शांत होतं तेव्हा चेहरे दोन असतात. पंखा बंद, वारा अडवायला दोन बाजूंना गोधड्या धरलेली माणसं, आणि प्रत्येक टेकनंतर पाणी स्थिर होईपर्यंत कुणीही पाय आपटायचा नाही. या एका शॉटला तीन तास द्या. त्याच्या बदल्यात दुसरे चार शॉट सोडावे लागले तरी चालेल.

उजेड

भारतात वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवलं की ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लपलपत नाहीत. २४ फ्रेम ठेवलीत तरी शटर १/५० च राहू द्या. मोबाइलवर चित्रण करत असाल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप घ्या आणि एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही कुलूपबंद करा. अंधारात मोबाइल आपोआप चित्र उजळत नेतो आणि काळोखाची राखाडी लापशी होते.

चांदण्यासाठी ५६०० केल्विनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा एलईडी खिडकीबाहेरून, उंचावरून, एकाच दिशेने. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४००० च्या आसपास. तेवढ्याने उजेड निळसर होतो, निळा जिलेटिन पेपर लावायची गरज नाही. कंदिलात काचेमागे २७०० केल्विनचा पिवळट छोटा बल्ब आणि बॅटरी लपवा. ज्योतीचा उजेड कमी पडतो, आणि गवताच्या पेंढ्या रचलेल्या पडवीत खरी ज्योत नकोच. चुन्याच्या पांढऱ्या भिंती ही जुन्या वाड्यातली मोठी अडचण. एक लाइट लावला की तो चारही भिंतींवरून परत येतो आणि काळोख राहतच नाही. कॅमेऱ्याबाहेरच्या भिंतींना काळं कापड टांगा, पंचवीस-तीस मीटर लागेल.

चित्रकथेचा रंग आणायचा असेल तर तो उलटणाऱ्या पानासाठी राखून ठेवा. जॉर्ज रोमेरोच्या १९८२ च्या ‘क्रीपशो’त भीतीच्या क्षणी उजेड एकदम भडक लाल-निळा होतो, कारण आधीचं दृश्य साधं असतं. सगळा सिनेमा लाल-निळा केला तर वरातीची रोषणाई दिसेल.

धुरामुळे किरण दिसतात आणि खोलीला खोली येते. भाड्याच्या फॉग मशीनमधून दहा-पंधरा सेकंद धूर सोडा, दारं-खिडक्या बंद करून पाच मिनिटं थांबा, पुठ्ठ्याने हवा हलवून तो सारखा पसरवा आणि मगच टेक घ्या. दोन टेकमध्ये धूर कमी-जास्त झाला तर संकलनात जोड लागत नाही. निखाऱ्यांवर ऊद टाकूनही काम होतं, पण त्याने घसा धरतो आणि संवादात खोकला येतो. चमूत दम्याचा त्रास कुणाला आहे ते आधी विचारून ठेवा.

विजेचं गणित टाळू नका. १००० वॉटचा हॅलोजन २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर खेचतो, म्हणजे पाच अँपिअरच्या एका सॉकेटला एकच, आणि जुन्या वायरिंगवर तोही नको. २०० ते ३०० वॉटचे दोन-तीन एलईडी पुरतात. जोडण्या जमिनीपासून वर, पाण्याच्या चौकटीपासून लांब.

रक्त आणि कातडी

बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. २०० ग्रॅम ग्लुकोज, ४० मिली कोमट पाणी, लाल द्रव खाद्यरंग एक छोटा चमचा, कोको पावडर अर्धा छोटा चमचा, निळा रंग टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या तरंगतात. पांढऱ्या बशीवर ओघळून बघा: सावकाश उतरलं आणि मागे पातळ लाल पापुद्रा राहिला तर बरोबर. गुलाबी, सरबतासारखं दिसलं तर कोको वाढवा. साध्या साखरेच्या पाकाने करत असाल तर लिंबाचे चार थेंब घाला म्हणजे साखर धरत नाही.

हे तोंडात चालणारं रक्त. कपड्यांसाठी वेगळी बाटली: याच मिश्रणात भांडी घासायच्या द्रवाचा अर्धा चमचा. त्याने रक्त कापडात मुरतं आणि धुताना निघतंही. दोन्ही बाटल्यांवर ठळक लेबल लावा, अंधारात चुकीची बाटली कुणाच्या तोंडात जाऊ नये. चुन्याच्या भिंतीवर लाल रंग कायमचा बसतो, तिथे आधी पारदर्शक प्लास्टिक चिकटवा. कातडीवर व्हॅसलिनचा हलका हात. आणि मुंग्या: गोड रक्त अंगणात सांडलं की अर्ध्या तासात रांग लागते, म्हणून दोन टेकच्या मध्ये ओल्या फडक्याने पुसत राहा.

निळ्या चांदण्यात लाल रक्त काळं डांबर दिसतं, कारण लाल रंग निळा उजेड जवळजवळ परत देतच नाही. रक्त लाल दिसायला हवं असेल तर त्यावर कंदिलाच्या बाजूचा पिवळट उजेड पडलाच पाहिजे. ही चाचणी चित्रणाच्या रात्री नको, आठवडाभर आधी घरी करा.

जखमेसाठी जिलेटिन पावडर, ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, प्रत्येकी दोन मोठे चमचे. दहा मिनिटं फुगू द्या, गरम पाण्यात वाटी ठेवून विरघळवा, तेलाचा हात फिरवलेल्या ताटलीत ओता आणि घट्ट झाल्यावरच कातडीला चिकटवा. गरम असताना चेहऱ्यावर कधीही नाही. जिलेटिन प्राण्यापासून येतं, शाकाहारी कलाकाराला आधी सांगा. शिवाय कोकणातल्या दमट हवेत घामाने ते तासाभरात सुटू लागतं. त्यामुळे थोरलीच्या पाण्याने सुजलेल्या चेहऱ्याला द्रव लेटेक्स आणि टिश्यू पेपर बरा. कातडी ताणून पातळ थर, वर टिश्यूचा फाटलेला तुकडा, पुन्हा थर, असे तीन. प्रत्येक थर ड्रायरच्या गार हवेवर वाळवा, शेवटी टाल्कम पावडर. ताण सोडला की सुरकुत्या आपोआप पडतात. भुवया आणि केसांच्या कडेला आधी व्हॅसलिन फासा, नाहीतर काढताना केस उपटून येतात. लेटेक्समध्ये अमोनिया असतो, डोळ्यांच्या जवळ नेऊ नका. कोपराच्या आतल्या बाजूला २४ तास आधी चाचणी घ्या, काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते.

आवाज

चित्रकथेतलं ‘धप्प’ आणि ‘कर्रर्र’ इथे खऱ्या अर्थाने कमाई करून देतं. संवाद ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या. प्रत्येक जागेची रिकामी शांतता मिनिटभर टिपा, सगळ्यांना जागच्या जागी गोठवून. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे तो सुरू केल्याशिवाय कुणी निघणार नाही. जनरेटर असेल तर भिंतीआड, शक्य तितका लांब.

रहाटाची कुरकुर दिवसा, निवांत, जवळून टिपा: कोरडा रहाट, ओला रहाट, हळू, झटक्याने, थांबताना. तो आपल्या सिनेमातलं चौथं पात्र आहे. हाडं मोडायला ओली शेवग्याची शेंग आणि नारळाची करवंटी, चिखलातल्या पावलांना भिजवलेला पंचा पिळत आपटणं, लिबलिबीत स्पर्शाला पिकलेलं केळं कुस्करणं.

कोकणातल्या रात्रीत रातकिडे सतत असतात आणि ते अचानक गप्प झाले की गावातल्या माणसाचे कान टवकारतात. उलटणाऱ्या पानाच्या अर्धा सेकंद आधी, म्हणजे २५ च्या हिशोबाने बारा-तेरा फ्रेम, रातकिडे तोडा. मोठ्या संगीताच्या धडाक्यापेक्षा हे जास्त लागू पडतं. त्यासाठी संवाद शक्यतो खोलीत, दारं लावून घ्या. संवादाच्या मागे खरे रातकिडे भरले असतील तर ते नंतर बंद करता येत नाहीत.

पैसे आणि रात्री

अकरा माणसं, तीन रात्रींचा ठोकळ आराखडा १,८०,००० रुपयांचा धरा. प्रवास, राहणं, जेवण ३८,०००, कॅमेरा आणि लेन्स २२,०००, कलाकारांचं मानधन २०,०००, लाइट आणि फॉग मशीन १६,०००, ध्वनिमुद्रण १६,०००, जागेचं भाडं आणि हक्कांचा मोबदला १६,०००, मेकअप १४,०००, ध्वनिमिश्रण १३,०००, कपडे आणि कलासाहित्य १०,०००, राखीव १५,०००. दर गावागणिक बदलतील, पण जेवणाची रक्कम कापू नका. रात्री दोन वाजता गरम पिठलं-भात मिळालेला चमू चारपर्यंत उभा राहतो.

डिसेंबरात कोकणात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो, रात्र सगळ्यात लांब मिळते. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं वाड्याच्या बाहेरच्या दृश्यासाठी राखा. आकाश गडद निळं असतं, आत कंदील उजळलेला दिसतो, लाइट जवळजवळ लागतच नाही. तीनही दिवस ती वेळ एकेका शॉटला द्या. पाण्याचा शॉट दुसऱ्या रात्री, दहा ते एक. पहिल्या रात्री चमू रुळलेला नसतो आणि तिसरीला थकलेला.

गावात जाण्याआधी पोलीस ठाणं आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. शासकीय जागा लागणार असतील तर महाराष्ट्रात चित्रनगरीची एक खिडकी योजना आहे, गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉडही उघडू नका. देवराईत किंवा राखणदाराच्या जागी चित्रण करायचं तर मानकऱ्यांना विचारा, आणि नाही म्हटलं तर वाद न घालता जागा बदला. प्रसिद्धीत खऱ्या वाड्याचं किंवा गावाचं नाव ‘झपाटलेलं’ म्हणून वापरू नका. तुम्ही चार दिवसांत परत जाल, त्या घरात माणसं राहतात.

शेवटची जुळवाजुळव

पहिला कट संगीताशिवाय लावा. संगीताशिवाय भीती वाटत नसेल तर शॉट चुकीच्या जागी तुटतायत, बहुधा थांबणं कमी पडलंय. निवेदनाची एखादी पट्टी खरोखर हवी असेल तर ती आत्ता कळेल. ती मूळ चित्रकथेच्या अक्षरांतच, दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ ठेवा, कारण चालत्या चित्रावर देवनागरी जोडाक्षरं वाचायला डोळ्याला वेळ लागतो.

इंटरनेटसाठी आवाजाची सरासरी पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणि टोक उणे १ डेसिबलच्या आत ठेवा. बहुतेक लोक तुमचा सिनेमा मोबाइलवर बघणार. त्याच्या स्पीकरवर ४०-५० हर्ट्झचा गंभीर घुमार ऐकूच येत नाही. विहिरीच्या घुमारात १५० ते ३०० हर्ट्झचा एक थर मिसळा. थिएटरमध्ये जाहीर खेळ करायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन वर्ग झाले आहेत, आणि रक्त किती दिसतं यावर तुमचा वर्ग ठरू शकतो.

पक्का कट निघाला की तो आधी लेखकाला आणि चित्रकाराला दाखवा, खोली अंधारी करून. सहाव्या पानाच्या जागी त्यांचे खांदे हलतात का ते बघा. नाही हलले तर रहाट थांबल्यापासून चेहरा दिसेपर्यंतच्या फ्रेम पुन्हा मोजायला बसा.